धीर की ऐपत? गोवंडीच्या बाजारात तीन निबंध वाचताना

आज आपण अर्थशास्त्रातले तीन गाजलेले निबंध तपासणार आहोत. तिन्ही निबंध एकाच प्रश्नाभोवती फिरतात. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती असताना किंमत ठरते कशी, आणि माणसं एकमेकांकडे बघून शिकतात ते काय? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा अर्थशास्त्राच्या घरात आम्ही पाहुणेच. पण 'माहिती', 'शिकणं', 'धीर' हे शब्द त्या घरात इतक्या सहज वापरले जातात, की ते एकदा उलटून बघावेसे वाटतात. आणि शब्द उलटून बघणं हे तर आमचंच काम.

तपासायला जागा घेऊ गोवंडीची. तिथं मुंबई महापालिकेचं देवनार पशुवधगृह आहे, १९७१ पासूनचं, सुमारे ६४ एकरांचं. बकरी ईदच्या आधीचे काही दिवस तिथं जो बाजार भरतो, त्यात राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश आणि आपल्या महाराष्ट्रातूनही ट्रक भरून बकरे येतात. लाखाच्या वर जनावरं विकली जातात. छापील भाव नाही, हमी नाही. सौदा बहुतेक नजरेच्या अंदाजानं. विकणारा लांबून आलेला, ईद झाली की तो गेला. घेणारा वर्षातून एकदाच येणारा. एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही, याचं याहून चोख उदाहरण शोधून सापडायचं नाही.

पहिला निबंध जॉर्ज अकेरलॉफ यांचा, १९७० सालचा, 'लेमन'च्या बाजारावरचा. लेमन म्हणजे अमेरिकी बोलीत वरून चकचकीत, आतून खटारा अशी गाडी. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता. पुढे २००१ साली याच विचारासाठी त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. युक्तिवाद असा. समजा बाजारात तीन बकरे आहेत, खरी किंमत दहा, वीस आणि तीस हजार. विकणाऱ्याला कुठला कोणता ते ठाऊक, घेणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात. मग घेणारा सरासरी धरतो आणि वीस हजार देऊ करतो. त्या भावात तीसचा बकरा कोण विकेल? तो मागे घेतला जातो. उरलेल्या दोघांची सरासरी पंधरा. मग वीसचाही जातो. शेवटी दहाचाच उरतो. वाईट माल चांगल्याला हुसकावतो, आणि हे कोणी मुद्दाम न करता घडतं. त्या निबंधात आपल्याकडच्या गृहिणीचंही उदाहरण आहे. बाजारच्या तांदळात त्याच रंगाआकाराचे खडे मिसळलेले असतात आणि ती ते बसून निवडते.

युक्तिवाद बिनतोड आहे. पण मग देवनारचा बाजार बुडायला हवा होता. अकेरलॉफ या दुखण्यावर उपाय सांगतात ते हमी, नाममुद्रा, परवाना यांचे. देवनारला सौदा होतो तेव्हा यातलं काही हाताशी नसतं, आणि कुर्बानी झालेला बकरा परत करायची सोय तर नसतेच. तरी बाजार वर्षानुवर्षं भरतो. का?

इथं आपलं न्यायदर्शन कामाला येतं. ज्ञानाची साधनं कोणती, हा त्याचा मूळ प्रश्न. देवनारला त्यातली तीन उघड दिसतात. कुर्बानीचा बकरा निदान वर्षाचा हवा, धडधाकट हवा. वय कागदावर नसतं, दातांवर असतं. ओठ बाजूला करून दोन पक्के दात आलेत का ते बघतात. हे प्रत्यक्ष. चाल, डोळे, केस, पाठीवर फिरवलेला हात, यांवरून आतल्या आजाराचा अंदाज बांधतात. ते अनुमान. आणि सोबत वस्तीतला एखादा जाणता चाचा असतो, त्याचं म्हणणं प्रमाण मानतात. हे शब्दप्रमाण. वात्स्यायनानं आप्ताचं लक्षण सांगितलंय: ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. म्हणजे सांगणाऱ्याचं कुळ विचारायचं नाही, त्याचं ज्ञान आणि त्याची नियत विचारायची.

अकेरलॉफच्या निबंधात माहिती ही खिशातल्या नाण्यासारखी आहे: एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही. प्रत्यक्षात ती कमवावी लागते, आणि कमावण्याचा वेग सारखा नसतो. विकणारा एका दिवसात कितीतरी गिऱ्हाइकं वाचतो. घेणारा वर्षाला एक बकरा वाचतो. दात ओळखायला शिकायचं तर दोन-तीन ईदा चुकीचा बकरा घरी येणार, ही त्याची फी. जाणता चाचा म्हणजे ती फी वाटून घेण्याची वस्तीची रीत. तांदूळ निवडणाऱ्या त्या बाईचंही तसंच. तिच्या दुपारची किंमत निबंधात कुठल्याच हिशेबात धरलेली नाही.

आता दुसरा निबंध. अभिजित विनायक बॅनर्जी, जन्म मुंबईचा, आई मूळची पाटणकर. २०१९ चं नोबेल सर्वांना आठवत असेल, पण आम्हाला १९९२ सालचा त्यांचा कळपवृत्तीवरचा निबंध जास्त मोलाचा वाटतो. तो सांगतो की माणूस दुसऱ्याची कृती बघतो, त्याच्या मनातली माहिती त्याला दिसत नाही. पहिल्या दोघांनी उजवीकडचं खानावळीचं दार धरलं, की तिसरा स्वतःची माहिती बाजूला ठेवून त्यांच्यामागे जातो. चौथा तिसऱ्यामागे. गर्दी वाढते, शिकणं मात्र दुसऱ्या माणसाशीच थांबलेलं असतं.

ईदच्या आठवड्यात गोवंडीच्या रस्त्यावरून बकरा घेऊन चाललेल्या माणसाला दर दहा पावलांवर एकच प्रश्न येतो: "कितने का लिया?" अनोळखी माणूसही विचारतो, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. हा वस्तीचा चालता-बोलता भावफलक. बॅनर्जींच्या गणिताला इथं एक जोड द्यावी लागते. इथं लोक कृतीवर थांबत नाहीत, तोंडानं विचारतात. पण उत्तर देणाराही माणूसच. फसलेला आकडा कमी सांगणार, मिरवणारा वाढवून सांगणार. ऐकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो आकडा ऐकतो, बकरा निरखतो आणि सांगणाऱ्याचा चेहराही वाचतो. म्हणजे कळपात जाणारा प्रत्येक जण डोळे मिटून जातो असं नाही. निबंधातल्या माणसाला प्रश्न विचारायचीच मुभा नव्हती. गोवंडीच्या माणसाला ती आहे, आणि तो ती वापरतो.

तिसरा निबंध एरियल रुबिनस्टाइन यांचा, १९८२ सालचा, घासाघिशीवरचा. दोघं आळीपाळीनं भाव मांडतात आणि उशीर होईल तसा सौद्यातला रस आटत जातो. ज्याला उशीर कमी बोचतो त्याच्या पदरात मोठा वाटा. गणित सुरेख आहे. या बोचण्याला तिथं जो शब्द आहे त्याचा मराठी अर्थ धीर. प्रत्येकाच्या धीराचा आकडा आधीच ठरलेला, जणू स्वभावच तो. हा धीर झाकलेला असेल तर घासाघीस हेच तो चाचपण्याचं साधन होतं, हेही पुढच्या अभ्यासकांनी मांडलं. पण धीर येतो कुठून, हा प्रश्न तसाच राहिला. आमची खरी हरकत इथं आहे.

शिवाजीनगर, बैंगनवाडी इथल्या खोल्या बघा. माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, तिथं आठ दिवस बकरा कुठं बांधणार? चारा कुठं ठेवणार? पगारही हातात पडायचा असतो. म्हणून कित्येक जण अगदी शेवटच्या दोन दिवसांत बाजारात जातात. आता हेच पुस्तकातून बघा. उशिरा आलेला घेणारा म्हणजे भाव पडायची वाट बघणारा धूर्त, असा अर्थ निघतो. ट्रक पुष्कळ उरले असतील तर त्याचं फावतं. माल सरत आला असेल तर तोच माणूस चढ्या भावात सापडतो. ही जुगारी खेळी त्यानं निवडलेलीच नव्हती, त्याच्या खोलीनं त्याच्यासाठी निवडली होती. विकणाऱ्याचंही तसंच. रोज चारा लागतो, जनावर वाळतं, पाऊस आला तर चिखल होतो, परतीच्या ट्रकचं भाडं डोक्यावर असतं. कर्ज काढून बकरे आणलेला आधी भाव सोडतो. त्याला धीर कमी म्हणायचं? आम्ही म्हणू, त्याला थांबायची ऐपत नाही.

पशुवधगृहापासून काही अंतरावर देवनारचा कचऱ्याचा डोंगर आहे, १९२७ पासून साठत आलेला. तिथली कचरा वेचणारी बाई प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन, वाकवून, त्याचा आवाज ऐकून सांगते की हा कुठल्या जातीचा. मालाची जाण तिला भंगारवाल्याइतकीच, कधी जास्तही. अकेरलॉफच्या हिशेबानं ती जाणकार विक्रेती, वरचष्मा तिचा हवा. प्रत्यक्षात भाव सांगतो भंगारवाला. संध्याकाळी चूल पेटवायची असते, माल साठवायला कुलपाची जागा नसते, आणि त्याच्याकडून उचल घेतलेली असली तर दुसऱ्याकडे जाताही येत नाही. ऊसतोडीच्या उचलीची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिची माहिती खरी आहे, पण ती तिला वटवता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दमदार आहे. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोचल्यावर मासळीच्या भावातली तफावत घटली आणि फेकून द्यावी लागणारी मासळी वाचली, असं रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली दाखवलं. म्हणजे माहिती मिळाली की पुरतं? त्या कोळ्यांकडे बघा. नाव त्यांच्या हाताशी होती, समुद्रातूनच ते दुसऱ्या बंदराकडे वळू शकत होते. फोननं भाव सांगितला, नाव वळली, म्हणून फरक पडला. नाव सावकाराकडे बांधलेली असती तर फोनवरचा चांगला भाव नुसता ऐकायला मिळाला असता.

तेव्हा या तीन निबंधांबद्दल आमचा निकाल असा. तिघांनीही खरी गोष्ट पाहिली आहे: झाकलेली माहिती किंमत वाकवते, माणसं एकमेकांवरून शिकतात, उतावळ्याला कमी मिळतं. पण माहितीचा फायदा कुणाच्या पदरात पडतो हे ठरवणारी गोष्ट, म्हणजे थांबण्याची आणि वळण्याची सोय, त्यांनी स्वभावाच्या किंवा गृहीतकाच्या खात्यात टाकली. ती जागा, कर्ज आणि भाडं यांच्या खात्यातली आहे.

हे खातं बदललं की उपायही बदलतो. भावफलक लावा, ॲप काढा, असं म्हणणाऱ्यांना आमचा विरोध नाही. त्याच्या जोडीला ईदच्या आधी आठ दिवस बकरे बांधायला वस्तीजवळ एखादं राखलेलं आवार द्या. वेचकांना माल साठवायला कुलूपबंद जागा आणि उचलीविना रोख मिळेल असं करा. हे स्वप्नरंजन नव्हे. पुण्यात १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं वेचकांना संघटित केलं, स्वतःचं भंगार दुकानही चालवलं. ज्या बाईला आजचा माल उद्या विकता येतो, तिच्याशी भंगारवाला वेगळ्या आवाजात बोलतो.

इथं थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.