नमुना सही

आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीचा भाव सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरा. तरी आडत्याला कुणी दलबदलू म्हणत नाही. पुढाऱ्यांचे तसे नसते. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचेच पाहा.

१९३९ चे महायुद्ध त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी साम्राज्यशाही युद्ध होते. विरोध केला, डांगे तुरुंगात गेले. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि काही महिन्यांत तेच युद्ध 'लोकयुद्ध' झाले. खाते तेच, नाव नवे! पक्ष कुरकुरला, पण फुटला नाही.

१९६२ साली चीन आपल्यावर चालून आला. डांगे तेव्हा पक्षाचे अध्यक्ष. १ नोव्हेंबरला पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चिनी आक्रमणाचा निषेध केला. डावे भडकले : समाजवादी देश आक्रमक कसा असेल? डांग्यांच्या जुन्या पत्रांचेही निमित्त मिळाले आणि एप्रिल १९६४ मध्ये ३२ सभासद बैठकीतून उठून गेले. त्याच वर्षी पक्षाचे दोन झाले.

सही बदलली म्हणून आम्ही कारकून कुणाला चोर म्हणत नाही. नवी सही द्या, पण जुनी रद्द केल्याचे लिहून द्या! १९४१ मध्ये समाजवादी देशाकडे पाहून युद्ध ओळखायला शिकवले, ते रद्द केलेच नाही. मग १९६२ मध्ये अर्ध्या पक्षाने तोच जुना नमुना खिडकीवर ठेवला, तर चूक एकट्या खिडकीवाल्याची कशी?