उघडपणाची कसोटी : प्रा. शामनाद बशीर यांच्या बौद्धिक संपदाविषयक कार्याचे मूल्यमापन

प्रास्ताविक

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थांवरील पेटंट बंद केले आणि केवळ निर्मितिप्रक्रियेवरील पेटंट मान्य केले. या तरतुदीच्या आधारावर देशी औषध उद्योग उभा राहिला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारामुळे भारताला कायदा बदलावा लागला आणि १ जानेवारी २००५ पासून औषधी पदार्थांवर पेटंट देण्याची तरतूद पुन्हा लागू झाली. त्यानंतरच्या दीड दशकात बौद्धिक संपदा हा विषय वकिलांच्या कचेऱ्या व शासकीय दालने यांच्याबाहेर आणून सार्वजनिक विचाराचा विषय करणाऱ्या अभ्यासकांत प्रा. शामनाद बशीर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. २००८ पासून काही वर्षे ते कोलकात्याच्या राष्ट्रीय न्यायविज्ञान विद्यापीठात बौद्धिक संपदा अध्यासनाचे प्राध्यापक होते. २०१४ साली मानव्यविद्या शाखेतील इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले. २०१९ साली त्यांचे अकाली निधन झाले.

बशीर यांचे वर्णन कधी रुग्णांच्या बाजूचा अभ्यासक, तर कधी मध्यममार्गी अभ्यासक असे केले जाते. ही दोन्ही वर्णने अपुरी आहेत. त्यांच्या कार्यातील समान सूत्र कोणत्याही एका पक्षाच्या समर्थनात सापडत नाही. ज्ञानावर अधिकार सांगणाऱ्याने त्या अधिकाराचा आधार लोकांसमोर उघड केला पाहिजे, या आग्रहात ते सापडते. हीच कसोटी त्यांच्या स्वतःच्या कार्यालाही लावली पाहिजे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने तीन प्रसंगांचा विचार केला आहे. त्यांपैकी पहिल्याचा संबंध गोमंतकात जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या विज्ञानजीवनाशी एकरूप झालेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याशी, तर तिसऱ्याचा मुंबईच्या पेटंट कार्यालयाशी आहे.

एक शोधनिबंध आणि एक समिती

हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले. या लढ्याच्या वेळी डॉ. माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. पेटंट-साक्षरता हा शब्द मराठी वाचकाच्या कानी पडला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यामुळे केंद्र शासनाने एप्रिल २००५ मध्ये पेटंट कायद्यातील दोन वादग्रस्त प्रश्नांसाठी तज्ज्ञ गट नेमला, तेव्हा अध्यक्षपदी त्यांची निवड होणे स्वाभाविक होते. औषधांचे पेटंट केवळ नव्या रासायनिक घटकांपुरते मर्यादित ठेवणे ट्रिप्स कराराशी सुसंगत ठरेल काय, आणि सूक्ष्मजीवांना पेटंटमधून वगळता येईल काय, हे ते दोन प्रश्न होत. डिसेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या अहवालाने दोन्हींचे उत्तर नकारार्थी दिले.

काही आठवड्यांतच अहवालातील कळीचे उतारे बशीर यांच्या निबंधातील मजकुराशी जुळत असल्याचे आणि तेथे मूळ निबंधाचा निर्देश नसल्याचे उघडकीस आले. हा निबंध ब्रिटनमधील एका बौद्धिक संपदा संस्थेसाठी लिहिलेला होता आणि त्यास इंटरपॅट या औषध कंपन्यांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल मागे घेण्यात आला. दुरुस्त स्वरूपात तो मार्च २००९ मध्ये पुन्हा सादर झाला आणि त्याच वर्षी शासनाने तो स्वीकारला. मूळ निष्कर्ष कायम राहिले.

या प्रकरणाची चर्चा बहुधा वाङ्मयचौर्याच्या प्रश्नापाशी थांबते. धोरणाच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न पुढचा आहे. समितीचा निष्कर्ष कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय असू शकतो. ट्रिप्स कराराच्या २७ व्या अनुच्छेदाचा तसा अर्थ लावणारे अभ्यासक जगात अनेक आहेत. परंतु जो युक्तिवाद उद्योगाच्या पैशातून आकारास आला, तोच नाव व संदर्भ गळून पडल्यावर शासनाच्या तटस्थ तज्ज्ञांचे मत म्हणून संसदेसमोर येतो, तेव्हा वाचकाला तो तपासण्याचे साधनच उरत नाही. तळटीप हा विद्वत्तेचा अलंकार असल्याचे मानले जाते. धोरणविषयक लेखनात ती नागरिकाच्या हक्काचा भाग असते.

या समितीचे एक सदस्य प्रा. एन. आर. माधव मेनन होते. ज्या संस्थेत बशीर शिकले तिचे ते संस्थापक संचालक होते आणि ज्या विद्यापीठात बशीर यांनी पुढे अध्यापन केले त्याचे ते संस्थापक कुलगुरू होते. भारतीय विधिशिक्षणाची पुनर्रचना करणारा गुरू आणि त्या पुनर्रचनेचे फळ असलेला शिष्य, दोघेही एकाच अहवालाच्या दोन टोकांना असूनही संदर्भाची साधी शिस्त सुटली. दोष एका व्यक्तीवर टाकून हे प्रकरण मिटणारे नाही. समित्यांसाठी मसुदे कसे तयार होतात आणि अध्यक्षाच्या प्रतिष्ठेवर विसंबून ते कसे स्वीकारले जातात, या पद्धतीचाच तो दोष आहे.

बशीर यांच्या बाजूनेही एक प्रश्न उरतो. उद्योगाचे अर्थसाहाय्य घेऊन लिहिलेला निबंध सदोष ठरतोच असे नाही. मात्र त्यांच्या पुढील सर्व कार्यात उघडपणाचा जो आग्रह दिसतो, त्याची पहिली परीक्षा त्यांच्याच निबंधाने घेतली, हे त्यांच्या चाहत्यांनी विसरू नये.

न्यायालयातील अध्यापक

दुसरा प्रसंग नोव्हार्टिस खटल्याचा. ही कंपनी १९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या एकत्रीकरणातून निर्माण झाली. ठाण्यातील कोलशेत मार्गावरील सँडोझबाग हे नाव यांपैकी एका कंपनीची आठवण आजही जपून आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधातील इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी कंपनीने १९९८ साली अर्ज केला होता. मुंबईस्थित कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही त्यास विरोध करणाऱ्यांपैकी एक संस्था होती. औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये, तर देशी कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८,००० ते १०,००० रुपये होता.

वादाचे केंद्र पेटंट कायद्याचे कलम ३ (डी) होते. ज्ञात पदार्थाचे नवे रूप परिणामकारकतेत लक्षणीय वाढ करीत नसेल, तर त्यास पेटंट देऊ नये, असे हे कलम सांगते. परिणामकारकता म्हणजे काय, हे मात्र कायद्याने स्पष्ट केले नव्हते. या प्रश्नावर बशीर सर्वोच्च न्यायालयात हस्तक्षेपक व न्यायमित्र म्हणून उभे राहिले. कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र न घेता केवळ अध्यापक या नात्याने न्यायालयासमोर मांडणी करण्याचा हा प्रसंग भारतीय विधिविद्येत विरळाच म्हणावा लागेल.

त्यांची भूमिका रुग्णसंघटनांच्या भूमिकेशी पूर्णतः जुळत नव्हती. परिणामकारकतेचा अर्थ संकुचित न करता औषधाची सुरक्षितता आणि लक्षणीयरीत्या घटलेली विषारिता यांचाही विचार व्हावा, असे त्यांनी सुचविले. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारात्मक परिणामकारकता होय, असे ठरविताना तिच्या नेमक्या व्याप्तीचा प्रश्न खंडपीठाने खुला ठेवला. रक्तातील उपलब्धता वाढल्याचे सांगणे पुरेसे नाही, त्यामुळे उपचारात फरक पडतो हे संशोधनातील माहितीने सिद्ध केले पाहिजे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

बशीर यांचे योगदान येथे निकाल जिंकण्यात शोधणे योग्य नव्हे. त्यांचा अर्थविस्तार न्यायालयाने स्वीकारला नाही, तसा नाकारलाही नाही. अनुकूल पक्षाच्या सोयीसाठी कायद्याचा अर्थ वाकविण्याचे त्यांनी टाळले, हे महत्त्वाचे. अधिक सुरक्षित औषध शोधणाऱ्यालाही कलम ३ (डी) अडवणार असेल, तर ते कलम रुग्णाच्याच विरोधात जाईल, ही त्यांची शंका आजही उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.

नमुना क्रमांक २७

तिसरा प्रसंग वरकरणी सर्वांत रुक्ष, परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. पेटंटधारकाने आपल्या शोधाचा भारतात व्यापारी वापर किती केला, याचे विवरण कलम १४६ अन्वये नमुना क्रमांक २७ मध्ये द्यावे लागते. समाज शोधकाला वीस वर्षांची मक्तेदारी देतो. तिच्या मोबदल्यात समाजाला काय मिळाले, याचा हिशेब म्हणजे हे विवरण.

या हिशेबाचे महत्त्व मुंबईत सिद्ध झाले. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायर कंपनीच्या नेक्साव्हार या मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. नव्या व्यवस्थेतील हा भारतातील पहिला सक्तीचा परवाना होय. महिन्याच्या १२० गोळ्यांची बायरची किंमत सुमारे २,८०,००० रुपये होती. नॅटकोला त्या ८,८८० रुपयांना विकण्याची अट घालण्यात आली. औषध किती रुग्णांपर्यंत पोहोचले हे ठरविताना बायरने स्वतः भरलेल्या नमुना २७ मधील आकडे निर्णायक ठरले. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी हा परवाना कायम केला.

बशीर यांनी माहितीच्या अधिकाराचा वापर करून औषधांच्या पेटंटांची विवरणे तपासली. अनेक विवरणे दाखलच झाली नव्हती, अनेकांतील रकाने रिकामे होते आणि पेटंट कार्यालयाने त्याबाबत कारवाई केली नव्हती, असे त्यांच्या निदर्शनास आले. २०१५ साली त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २०१८ मध्ये याचिका निकाली निघाली आणि शासनाने नमुन्यात सुधारणा करण्याचे मान्य केले.

ही सुधारणा मात्र याचिकाकर्त्याच्या हेतूच्या उलट दिशेने गेली. २०२० च्या नियमांनी नमुना सुटसुटीत करताना उत्पादनाचे परिमाण आणि परवान्यांचा तपशील देण्याची आवश्यकता काढून टाकली. २०२४ च्या नियमांनी दरवर्षीचे विवरण तीन आर्थिक वर्षांतून एकदा देण्याची मुभा दिली. विवरण भरणे सोपे झाले, परंतु त्यातून काही कळणे अवघड झाले. मुंबईतील २०१२ च्या निर्णयाला ज्या प्रकारच्या आकड्यांचा आधार मिळाला, तसे आकडे पुढच्या अर्जदाराला या नमुन्यातून मिळणार नाहीत.

नेतृत्वाचा अर्थ आणि कार्याच्या मर्यादा

२०१० साली बशीर यांनी आयडिया ही संस्था सुरू केली. ग्रामीण, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व दिव्यांग विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश मिळावा, म्हणून ती त्यांची तयारी करून घेते. बौद्धिक संपदा कायदा आणि हे कार्य यांचा संबंध प्रथमदर्शनी जाणवत नाही. तथापि, पेटंटच्या क्षेत्रात माहिती खुली असावी असे म्हणणाऱ्याने ती माहिती वाचू शकणारी माणसे समाजाच्या सर्व थरांतून यावीत असे म्हणणे सुसंगतच आहे. केवळ इंग्रजी शाळांतून आलेल्यांनाच कायदा वाचता येत असेल, तर उघडी कागदपत्रेही व्यवहारात बंदच राहतात. या अर्थाने त्यांचे नेतृत्व संस्थात्मक होते, पदावर अवलंबून नव्हते.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली, त्यांचा न्यायालयांवरील विश्वास अधिक होता. बौद्धिक संपदा अपील मंडळाच्या रचनेला त्यांनी दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने २०१५ साली बऱ्याच अंशी मान्य केले. मात्र स्वतंत्र व सक्षम मंडळ उभे राहण्याऐवजी २०२१ साली ते मंडळच संपुष्टात आले आणि प्रकरणे उच्च न्यायालयांकडे गेली. दुसरी, माहिती उघड झाली की न्याय आपोआप घडेल, असे त्यांच्या मांडणीत अनेकदा गृहीत धरलेले दिसते. २०१२ नंतर डॅसॅटिनिब व सॅक्साग्लिप्टिन या औषधांसाठी आलेले सक्तीच्या परवान्याचे अर्ज अनुक्रमे २०१३ व २०१६ मध्ये फेटाळले गेले. आकड्यांमागे शासनाची इच्छाशक्ती नसेल, तर उघड आकडेही निरुपयोगी ठरतात.

समारोप

या मूल्यमापनाचा महाविद्यालयीन अध्यापकांशी थेट संबंध आहे. २०२१ च्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत दिली. मूल्यांकनासाठी पेटंटांची संख्या मोजली जाऊ लागल्यापासून महाविद्यालयांत बौद्धिक संपदा कक्ष स्थापन होत आहेत. खोपटपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या महाविद्यालयांना या सवलतीचा लाभ जरूर घ्यावा. परंतु अर्जांच्या संख्येबरोबरच मिळालेल्या पेटंटाचा वापर कोणी केला, त्यासाठी पैसा कोठून आला आणि संशोधनात कोणत्या विद्यार्थ्याचा वाटा होता, याचीही नोंद कक्षाने ठेवली पाहिजे. नमुना २७ ने मोठ्या कंपनीला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न महाविद्यालयाने स्वतःला विचारण्यास हरकत नसावी.

माशेलकर समितीच्या अहवालाने प्रतिष्ठा ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे दाखवून दिले. नेक्साव्हारच्या निर्णयाने एका साध्या सरकारी नमुन्यातून रुग्णाच्या बाजूचा पुरावा कसा उभा राहतो, हे दाखविले. या दोन प्रसंगांमधील अंतर समजून घेऊन त्यावर आयुष्यभर काम करणारा अध्यापक म्हणून प्रा. बशीर यांचे स्थान निश्चित करावे लागेल. त्यांची याचिका निकाली निघाली असली, तरी ज्या हिशेबासाठी ती दाखल झाली होती, तो हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही.