करवतीचे दाते

मोहाडी तालुक्यातले आंधळगाव हे कोशाच्या कापडाचे गाव. इथल्या करवतकाठी लुगड्याच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, आणि ती प्रत्येक लुगड्याला असते. मागावर तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचे सूत अंगाच्या सुतात अडकत जाते, तेव्हा कुठे एक दाता उठतो. ‘पुन्हा तीच करवत?’ म्हणून लुगडे परत करणारे गिऱ्हाईक मला अजून भेटलेले नाही. जाणते गिऱ्हाईक काठ आणि अंग जिथे मिळतात तिथेच बोट फिरवून पाहते.

वीरकथेचा वाचक मात्र साचा ओळखला की वाचन संपले, असे मानू लागला आहे. साधने त्याच्यापाशी भरपूर आहेत. ऑटो रांकने १९०९ साली वीरांच्या जन्मकथा एकत्र मांडल्या. प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांतली ३१ कार्ये मोजली. लॉर्ड रॅग्लनने १९३६ मध्ये वीरचरित्राची २२ कलमे केली. आणि १९४९ मध्ये कॅम्बेलने साऱ्या वीरांना एकाच प्रवासाला लावले. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ ची. हे सारे शिकताना होणारा आनंद खोटा नव्हे. मीही एके काळी पुस्तकांच्या समासात कलमांचे आकडे घालीत असे. पुढे ध्यानात आले की, आकडे घातलेली पुस्तके मला आठवत नाहीत. आकडे तेवढे आठवतात.

रांकच्या यादीत सार्गन, मोझेस यांच्याबरोबर आपला कर्णही आहे. पेटीत घालून नदीत सोडलेले मूल, परक्या घरी वाढणे, पुढे जन्माचा उलगडा: सारे जुळते. पण हा साचा शेवटी टाकलेल्या मुलाला त्याचे कूळ आणि राज्य परत देतो. कृष्ण कर्णाला नेमके तेच देऊ करतो, आणि कर्ण नाही म्हणतो. साचा ठाऊक नसलेल्याला हा नकार केवळ बाणेदारपणा वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याच्या लक्षात येते की, इथे एक माणूस आपल्याच कथेचा ठरलेला शेवट नाकारीत आहे.

आता तानाजीकडे पाहू. साचा कथेत कसा शिरतो, हे इतके उघडे फार थोड्या ठिकाणी दिसते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाचे निवेदन आटोपशीर आहे. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढतात, तानाजी आणि उदेभान परस्परांशी झुंजून पडतात, सूर्याजी लोकांना सावरतो आणि गड घेतो. घोरपड नाही, लग्न नाही. एक गड हाती आला पण एक गेला, असे महाराज म्हणाल्याचे तो सांगतो. तिथे सिंहही नाही. गेला तो माणूस हाच एक गड आहे. सिंहगड हे नाव तर १६७० च्या आधीच्या पत्रातही आढळते. तरी नावाला कथा हवीच असते, आणि ती हरिभाऊ आपट्यांच्या १९०३ च्या कादंबरीच्या मथळ्यात कायमची बसली.

तुळशीदास शाहिराने घोरपड आणली. वीराला साहाय्य करणारे जनावर हा जगभरचा कल्पनाबंध. तो नसता तरी पोवाड्याचे फारसे बिघडले नसते. पण रायबाचे लग्न? तेही साच्यातलेच. वीरकथा बहुधा लग्नाने संपते: शत्रू मारला, नवरी मिळाली. शाहिराने ते शेवटचे लग्न उचलून आरंभी ठेवले, आणि तेही वीराचे नव्हे, त्याच्या मुलाचे. बाप ते पाहायला उरत नाही. अखेर महाराज ते लावून देतात. शाहिराने इतिहासाबाहेरचे काही घातले असेल, पण जे घातले ते कथेच्या अंगात असे अडकले आहे की उसवू गेल्यास कापडच फाटेल.

हरिभाऊंनी मात्र कमलकुमारी आणली, आणि इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. पळवून आणलेली रजपूत स्त्री आली की उदेभानाचा रावण होतो, गडाची लंका होते, आणि घरचा मांडव टाकून गडासाठी निघालेला माणूस एका अबलेच्या सुटकेसाठी लढू लागतो. अन्यायाची चीड वाढते, हे खरे; पण रायबाच्या लग्नाचे दुःख तेवढेच मागे सरते. हरिभाऊ मोठे लेखक. त्यांच्या काळच्या वाचकाला रहस्य आणि नायिका हवी होती, हेही मान्य. तरी हा काठ वरून टाचलेला आहे. २०२० च्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटाने ती रजपूत स्त्री ठेवली आणि वर नागीण नावाची प्रचंड तोफही दिली. तोफेपुढे लग्नाचे काय चालणार!

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात आणि रात्रभर नाटके चालतात. अशाच एका रात्री अंगावर घोंगडी घेतलेले एक म्हातारबुवा माझ्या शेजारी बसले होते. दर प्रवेशाआधी पुढे काय होणार ते नातवाला सांगत होते, आणि ते बरोबर निघत होते. महाराजांचा निरोप घेऊन माणूस लग्नाच्या मांडवात शिरला, तेव्हा मात्र बुवा गप्प झाले. नातवाने दोनदा विचारले, ‘आता काय होते, आजोबा?’ त्यांनी हातानेच त्याला थांबवले.