काळ्या शाईत न मावलेला पिवळा रंग

शिळाछाप आपल्याला नवखी नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते याच पद्धतीने. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट शाई पाण्याला टाळते आणि फक्त रेघांना चिकटते. रंगीत चित्र हवे असेल तर सर्वसाधारणपणे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. हा मुद्दा ध्यानात ठेवू.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश सरकारने प्रचारासाठी १८ चित्रकारांकडून ६६ शिळाछापांचा एक संच करवून घेतला. त्यात ५४ चित्रे 'प्रयत्नां'ची, म्हणजे तोफा, जहाजे, विमाने, शेती, शुश्रूषा अशा कामांची, आणि १२ 'आदर्शां'ची. नेव्हिन्सनने विमानबांधणीवर सहा चित्रे काढली. त्यांतले 'अ‍ॅसिटिलीन वेल्डर' विज्ञानाच्या तासाला फार उपयोगी आहे. ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, ते कशामुळे? कामगारांच्या डोळ्यांवर गॉगल कशासाठी? उत्तरे शोधायला मुलांना चित्रच भाग पाडते. यंत्राची गती आणि प्रकाशाचा झोत नेव्हिन्सनइतक्या नेमकेपणाने थोड्यांनीच टिपला असेल.

टेंभी नाक्याजवळ शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही या चित्रांच्या प्रती दाखवल्या. चर्चा वेल्डिंगवरच रंगली. मग हार्ट्रिकचे चित्र पुढे आले. त्यात बायका टी.एन.टी. भरत आहेत आणि शीर्षकातच 'धोक्याचे काम' असे म्हटले आहे. एका बाईंनी विचारले, "धोका स्फोटाचाच ना?"

तेवढाच नव्हे. टी.एन.टी.ची भुकटी त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते. तिने हातांची, चेहऱ्याची कातडी पिवळी पडे, म्हणून या कामगार स्त्रियांना लोक 'कॅनरी' म्हणत. काहींच्या यकृतावर परिणाम होऊन कावीळ झाली आणि त्यात कित्येकींचा मृत्यू ओढवला. चित्रात यातले काही दिसत नाही. दिसणार कसे? 'प्रयत्नां'ची चित्रे एकरंगी काळी आहेत. रंग मिळाले ते 'आदर्शां'ना. लोकशाहीच्या विजयासाठी जादा दगड वापरले गेले, कामगार बाईच्या कातडीसाठी एकही नाही.

चित्रकाराने खोटे काढले असे आम्ही म्हणत नाही. उलट शीर्षकात त्याने धोका कबूल केला आहे. पण प्रक्रिया दाखवणारे चित्र त्या प्रक्रियेचा माणसावर होणारा परिणामही दाखवतेच, असे मानणे चूक ठरेल. ठाण्याच्या वर्गांत अशी मुले आहेत की ज्यांचे आजोबा वागळे इस्टेटच्या कारखान्यांत राबले. त्यांच्यासाठी हा फरक पुस्तकी नाही.

म्हणून शिक्षकमित्रहो, ही चित्रे वर्गात जरूर लावा. फक्त हार्ट्रिकच्या चित्राशेजारी पिवळ्या कागदाची एक पट्टी चिकटवा आणि ती तिथे का आहे, हे मुलांनाच शोधू द्या.