भारताचा स्कोअर ७७, पण समोर बसलेल्या माणसाचा किती?

आंतरसांस्कृतिक संवाद हा विषय घेऊन पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलात, की एक नाव लगेच समोर येतं: गीर्ट हॉफस्टेड. या डच संशोधकाचं 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' हे पुस्तक १९८० साली आलं. संस्कृती आकड्यात मांडायची म्हटलं की आजही अनेक जण त्याच्याकडेच वळतात. तुम्हीही वळाल. त्याआधी तो आकडा कसा तयार झाला, हे एकदा नीट बघूया.

आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात दोन फेऱ्यांमध्ये प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. एकूण १ लाख १६ हजारांहून जास्त. त्यांतून हॉफस्टेडने ४० देशांना चार परिमाणांवर गुण दिले. त्यातलं सगळ्यात गाजलेलं परिमाण म्हणजे पॉवर डिस्टन्स: सत्तेतली उतरंड लोक कितपत गृहीत धरून चालतात. यात भारताला ७७ आणि जर्मनीला ३५.

पुस्तकाचं श्रेय आधी देऊ. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांवर घडवलेले व्यवस्थापनाचे सिद्धांत त्या काळी जगभर जसेच्या तसे शिकवले जात होते. ते सगळीकडे लागू पडतीलच असं नाही, हे हॉफस्टेडने एवढा मोठा डेटा समोर ठेवून सांगितलं. हे काम छोटं नाही.

आता अडचणी. पहिली अडचण नमुन्याची. एकूण आकडा लाखात असला तरी देशनिहाय वाटणी फार असमान होती. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये केलेल्या टीकेत दाखवून दिलं, की पाकिस्तानात पहिल्या फेरीत फक्त ३७ आणि दुसऱ्या फेरीत ७० कर्मचारी होते. त्यातही ही सगळी माणसं एकाच बहुराष्ट्रीय कंपनीतली. १९७० च्या आसपास आयबीएममध्ये नोकरी करणारा भारतीय माणूस आणि तेव्हाचा शेतमजूर, गिरणी कामगार किंवा शाळामास्तर यांना एकच ७७ कसा लावायचा?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. समजा, तुमचा विषय आहे पुण्यातले इंजिनियर आणि त्यांची जर्मन टीम. मीटिंगमध्ये पुण्याची मंडळी गप्प बसतात, असं तुम्हाला दिसलं. तुम्ही लिहिता, 'भारताचा पॉवर डिस्टन्स ७७ असल्यामुळे ते वरिष्ठांपुढे बोलत नाहीत.' वाक्य भारदस्त वाटतं. पण हा निर्देशांक ज्या तीन प्रश्नांवरून काढला, त्यातला एक प्रश्नच असा होता: कर्मचारी साहेबाशी असहमती दाखवायला किती वेळा घाबरतात? म्हणजे न बोलण्याचं कारण म्हणून तुम्ही न बोलण्याचंच माप पुढे केलंत. गोल फिरून तिथेच आलात.

तिसरी अडचण म्हणजे इकॉलॉजिकल फॅलसी: समूहाच्या सरासरीवरून एका माणसाबद्दल निष्कर्ष काढणं. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांचा १९५० चा लेख यासाठी जरूर वाचा. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. यावरून स्थलांतरित जास्त साक्षर होते असं वाटेल. पण व्यक्तीच्या पातळीवर चित्र उलटं होतं. स्थलांतरितांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. ते फक्त जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. देशाचे गुण व्यक्तीला लावू नका, असं हॉफस्टेडने स्वतःही बजावलंय. ती सूचना उद्धृत करायची आणि दोन पानांनंतर तीच चूक करायची, असं मात्र प्रबंधांमध्ये सर्रास घडतं.

तारास, स्टील आणि कर्कमन यांनी २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा डेटा एकत्र करून पाहिलं, तेव्हा मूल्यांमधला सुमारे ८० टक्के फरक देशांच्या आतच सापडला. आपल्याला हे ऐकून फारसं नवल वाटू नये. एका मराठी घरात आईला 'तू' आणि वडिलांना 'अहो', शेजारच्या घरात दोघांनाही 'तू'. एकाच मजल्यावर उतरंड दाखवायच्या दोन पद्धती, आणि देशाचा स्कोअर एकच.

मग संवाद शिकायचा कसा आणि तपासायचा कसा? त्या मीटिंगकडे परत बघा. भाषा कोणती होती? बोलणारा क्लायंट होता की कंत्राटावरचा माणूस? पुण्यात तेव्हा रात्रीचे किती वाजले होते? हेच इंजिनियर आपसात मराठीत वाद घालतात का? आणि 'बघतो' किंवा 'करतो की' असं कोणी म्हणालं, तर ते होकार म्हणून म्हणालं की विषय टाळायला? हे त्याच माणसाला नंतर निवांत विचारावं लागेल. जर्मन सहकाऱ्याला त्यातून काय कळलं, हेही विचारावं लागेल. गैरसमज दोघांमध्ये होतो. एकाच बाजूची मुलाखत घेऊन तो सापडत नाही.

हॉफस्टेडला प्रपोजलमधून हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. देशांची तुलना हाच तुमचा प्रश्न असेल, तर नमुन्याच्या मर्यादा लिहून तो वापरा. पण प्रश्न माणसांमधल्या बोलण्याचा असेल, तर एक साधी चाचणी करा. तुमच्या विश्लेषणातून देशाचं नाव आणि स्कोअर खोडून टाका. मग मीटिंगमध्ये कोण, कोणाशी, कुठल्या अडचणीत बोलत होतं, हे वाचणाऱ्याला अजून कळतंय का? कळत नसेल, तर फील्डवर्क अजून बाकी आहे.