भागीदार निवडला, मोजायचे काय?

धर्मादाय संस्था गावाला मदत करते म्हणजे नेमके काय करते? पाणी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा पाहू. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षे ती चालली. २०१८ मध्ये त्यात ७५ तालुके होते, धाराशिव जिल्ह्यातीलही.

गावांना कामासाठी पैसे वाटले जात नसत. गावाने ग्रामसभेत ठराव करायचा, निवडक गावकरी प्रशिक्षणाला पाठवायचे. भांडवल म्हणून मिळे ते ज्ञान. हे धोरण आम्हांला पटते. निधी संपतो, पण उताराची समपातळी रेषा आखायला शिकलेली बाई गावातच राहते.

आमचा आक्षेप मोजणीबद्दल आहे. काम सुमारे ४५ दिवसांत, पावसाआधीच संपे. साहजिकच गुण मुख्यतः चर-बांधांना मिळत. विहिरीला पाणी किती टिकले, हे त्या मुदतीत कळणार कसे? जिल्ह्याच्या पोटात बेसाल्ट खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. ही जागा मर्यादित असते. मुरलेले पाणी उसासाठी उपसले, की उन्हाळ्यात पुन्हा टँकर. शिवाय पाणलोटाला गावची शीव ठाऊक नसते.

२०२० नंतर ‘समृद्ध गाव’ स्पर्धेत संस्थेने मुदत वाढवली, ही स्वागतार्ह दुरुस्ती होय. आमच्या मते भागीदार म्हणून एकटे गाव न घेता सबंध पाणलोट घ्यावा आणि साथ निदान तीन पावसाळे द्यावी.

शिक्षकांनी शाळेजवळच्या विहिरीची पातळी मुलांकडून, आपल्या देखरेखीखाली, दरमहा मोजून घ्यावी. दोरी आणि दगड पुरे. ते आकडे ग्रामसभेत वाचले, की खरे परीक्षण सुरू होईल.