ते 46 गोल कुठे गेले?



निमंत्रण देताना संयोजक आम्हाला म्हणाले, "सर, यंदा तत्त्वज्ञान जरा हलकं घ्या." म्हणून आम्ही फुटबॉल घेतला. आता गोव्यात उभं राहून फुटबॉल हा हलका विषय आहे असं म्हणण्याची छाती आमची नाही (हशा), पण निदान झोप तरी कुणाला लागणार नाही.

नवा मोसम तोंडावर आला की आपल्याकडे एक वाद ठरलेला असतो. यंदा एफसी गोवाच्या आक्रमणाचं काय होणार? कोण गेला, कोण आला, गोल कोण करणार? चहाच्या टेबलावर हा वाद होतो, वर्तमानपत्रांत होतो, संध्याकाळी आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या चौकडीतही होतो. आम्ही त्यात हिरिरीने भाग घेतो आणि बहुतेक वेळा चुकतो. चुकण्याबद्दल आमची तक्रार नाही. भविष्य कुणालाच दिसत नाही. पण आपण ज्या पद्धतीने चुकतो ती पद्धत दर वर्षी तीच असते, आणि तिच्यापायी काही खेळाडूंवर अन्याय होतो. आज आम्हाला टीका करायची आहे ती या पद्धतीवर. संघावर नव्हे.

दाखला मुद्दामच जुना घेतो. निकाल लागलेले आहेत, रागलोभ निवळलेले आहेत, तेव्हा डोकं शांत ठेवून बघता येईल.

2017 साली सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर फेरान कोरोमिनास आला, आपला कोरो. 2017-18च्या साखळी फेरीत गोव्याने 18 सामन्यांत 42 गोल केले. पूर्ण मोसमात कोरोचे 18, मानुएल लान्सारोतेचे 13. दोघांचे मिळून 31. मोसम संपला आणि लान्सारोते कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. झालं! चौकडीत आम्ही छातीठोकपणे सांगितलं, "गोव्याचं आक्रमण निम्मं झालं." हिशेब सोपा होता. 42 मधून 13 वजा करा, राहिले 29. शिवाय कोरो एकटा पडणार, म्हणजे त्याचेही कमी होणार.

प्रत्यक्षात काय झालं? 2018-19 मध्ये गोव्याने साखळीत 36 गोल केले. कमी झाले, पण आमच्या वजाबाकीइतके नाहीत. कोरोने 16 केले आणि पुन्हा गोल्डन बूट मिळवला. संघावर झालेले गोल 28 वरून 20 वर आले, गुण 30 वरून 34 झाले. आणि लान्सारोते? कोलकात्यात तो 13च्या जवळपासही पोचला नाही. आमच्या हिशेबाप्रमाणे ते 13 गोल त्याच्या खिशात होते. तो गेला म्हणजे त्याने ते बरोबर न्यायला हवे होते. पण ते त्याच्या खिशात नव्हतेच मुळी.

इथे आम्हाला आमचं जुनं दुकान उघडावं लागेल. न्यायशास्त्रात अनुमानाचा नेहमीचा दाखला धूर आणि अग्नी यांचा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे बरोबर. पण उलटं म्हणता येत नाही. जिथे अग्नी तिथे धूर, असं नसतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर कशाने होतो? अग्नी अधिक ओलं सरपण. या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. तुम्ही दोन गोष्टींचं नातं जोडता, आणि ते नातं खरं ठरवणारी तिसरी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली असते, ती उपाधी. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हे न्यायशास्त्र न शिकता ठाऊक असतं. आम्हाला ते पदवी घेऊनही फुटबॉलच्या बाबतीत सुचलं नाही!

'जिथे लान्सारोते तिथे गोल', 'जिथे कोरो तिथे गोल', ही आपली व्याप्ती. ओलं सरपण कोणतं? मागून खेळ उभारणारा आणि लांबवर अचूक पास देणारा अहमद जाहू. कोरोला मोकळी जागा मिळेल अशी धाव घेणारे दोन्ही बाजूंचे खेळाडू. मूळचा विंगर असलेला, आणि लोबेरांच्या संघात डाव्या बगलेचा बचावपटू होऊन तिथूनच वर चढणारा मंदार राव देसाई. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस. धावफलकावर यातलं काही दिसत नाही. तिथे फक्त धूर दिसतो.

तुम्ही म्हणाल, मग सगळी किमया प्रशिक्षकाची. आम्हीही पुढे तसंच म्हणायला लागलो. पण त्यालाही 2020ने छेद दिला. 2019-20 हा गोव्याचा सर्वांत बहराचा मोसम. साखळीतले तीन सामने उरले असताना क्लबने लोबेरांना निरोप दिला आणि क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सूत्रं आली. आम्ही म्हटलं, संपलं. पुढच्या तीन सामन्यांचे निकाल ऐका. हैदराबादवर 4-1, मुंबईवर 5-2, जमशेदपूरवर 5-0. तीन सामन्यांत 14 गोल! साखळी संपली तेव्हा खात्यावर 18 सामन्यांत 46 गोल होते, लीग शील्ड गोव्याकडे होती, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब हा मानही.

याचा अर्थ प्रशिक्षक बिनकामाचा? मुळीच नाही. सांख्यांचा एक सुंदर दाखला आहे. कुंभाराने दांडा बाजूला घेतला तरी चाक काही वेळ फिरत राहतं. आधी दिलेला वेग, म्हणजे संस्कार, त्यात शिल्लक असतो. लोबेरा गेले, पण अडीच वर्षांचा सराव पायांत मुरलेला होता, आणि मिरांडांनी शहाणपणाने चाकाला हात लावला नाही. मात्र चाक कायम फिरत नाही. हे 'काही वेळ' किती, हाच पुढच्या मोसमाचा खरा प्रश्न असतो, आणि आपण तो कधी विचारत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 2020चा पावसाळा. सगळे घरात कोंडलेले, चौकडी फोनवर. बातम्या एकामागून एक. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. त्यांच्यामागे जाहू, ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल, आणि आपला मंदारही. कोरोही गोवा सोडून गेला. तीन मोसमांत 18, 16 आणि 14 असे 48 गोल करणारा माणूस! गोव्याने प्रशिक्षक म्हणून हुआन फेरांडो यांना आणलं आणि पुढच्या फळीत इगोर आंगुलोला. त्या वर्षीचा वाद दोन वाक्यांत सांगता येतो. एक पक्ष म्हणे, "कोरोचे 14 गोल भरून काढणारा मिळाला की झालं." दुसरा म्हणे, "गोव्याचं आक्रमण आता मुंबईत गेलं, ते 46 गोल तिकडे होतील." आम्ही, सांगायला लाज वाटते, आलटून पालटून दोन्ही पक्षांत होतो.

पहिला पक्ष पाहू. कोरोची जागा भरली का? तंतोतंत भरली! आंगुलोने त्या मोसमात 14 गोल केले, त्यातला एक उपांत्य फेरीतला, आणि गोल्डन बूट त्यालाच मिळाला. स्ट्रायकरचा आकडा 14 ला 14. आणि संघाचे साखळीतले गोल? 46 वरून 31, तेही 18 ऐवजी 20 सामन्यांत. सामन्यामागे अडीचपेक्षा थोडे जास्त होते, ते दीडच्या आसपास आले. कोरोचे सोडून बाकी संघाचे साखळीत 32 गोल होते. आंगुलोचे सोडून बाकी संघाचे विसाच्या आत. म्हणजे ज्या जागेची काळजी केली ती जागा भरली, आणि जिची चर्चाच केली नाही तिथे भगदाड पडलं.

आता दुसरा पक्ष. ते गोल मुंबईला गेले का? मुंबई सिटीचे आदल्या मोसमात 18 सामन्यांत 25 होते, ते 20 सामन्यांत 35 झाले. सामन्यामागे दीडला थोडे कमी होते, ते पावणेदोन झाले. सुधारणा खरी, शील्ड आणि अजिंक्यपद दोन्ही मिळवून देणारी. पण गोव्याने सामन्यामागे एक गोल गमावला आणि मुंबईला मिळाला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. प्रशिक्षक तोच, मधल्या फळीचा कणा तोच, तरी अडीच काही झाले नाहीत. मग उरलेले कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत. कारण ते सामान नव्हतं. नैयायिक सांगतात, सुतापासून कापड होतं, पण कापड म्हणजे सुतांची बेरीज नव्हे, ते एक वेगळं द्रव्य आहे. उसवून सूत दुसऱ्या गावी नेलंत तर सूत पोचेल, कापड पोचणार नाही. तिथे ते पुन्हा विणावं लागेल, नव्या सुतांसह, आणि त्याचा पोत वेगळा असेल. मुंबईचं नवं कापड तसंच विणलं गेलं. ॲडम ल फाँद्र आणि ओगबेचे यांनी गोल वाटून घेतले, आणि आधीपासून मुंबईतच असलेला मणिपूरचा बिपिन सिंग त्याच मोसमात फुलला. अंतिम सामन्यात 90व्या मिनिटाला विजयी गोल त्याचाच. मोसमापूर्वीच्या वादात त्याचं नाव आम्ही एकदाही घेतलं नव्हतं. तो नवा आलेला नव्हता ना!

आक्षेप येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तो मोसम करोनाचा. सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये, खेळाडू महिनोन्‌महिने बंदिस्त. त्या वर्षी सामन्यामागचे गोल साऱ्या लीगमध्येच कमी झाले. आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो मान्य करतो. सामन्यामागे एक गोल ही घट सगळी फाटाफुटीच्या खात्यावर मांडू नका. पण त्याच परिस्थितीत मुंबईचे गोल वाढले, हेही विसरू नका.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गोल मोजून काय होतं? 36 गोलांचा गोवा 2019च्या अंतिम सामन्यात अंधेरीत 120 मिनिटांत एकही गोल करू शकला नाही, आणि बंगळुरूकडून मुंबईकर राहुल भेकेच्या डोक्याने एक खाऊन हरला. 46 गोलांच्या गोव्याने 2020च्या उपांत्य फेरीत चेन्नईयिनविरुद्ध दोन लढतींत पाच केले आणि सहा खाल्ले. हेही कबूल. आक्रमणाचा अंदाज म्हणजे यशाचा अंदाज नव्हे. पण आपण वाद घालतो तो आक्रमणाचा, तर निदान तो तरी नीट घालू.

मग पुढच्या मोसमाआधी विचारायचं काय? 'गोल कोण करणार' हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावं, मागून चेंडू पुढे आणणारा राहिला का? कोण कोण एकमेकांशेजारी किती काळ खेळलेत? प्रशिक्षक बदलला असेल तर जुन्या चाकात वेग किती उरलाय, आणि नवा माणूस ते चाक चालू ठेवणार की पुन्हा पहिल्यापासून माती मळणार? आणि बाकावर बसलेला, गेल्या वर्षीही इथेच असलेला मुलगा कोण? 2021-22 पासून मैदानावर एका वेळी चारच विदेशी खेळाडू, म्हणजे अकरांतले सात तरी आपले. तरी आपली चर्चा विमानतळावर उतरणाऱ्या स्ट्रायकरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

अन्याय होतो म्हणालो, तो हा. आंगुलोला आमच्या चौकडीने वर्षभर नावं ठेवली. "चांगला आहे, पण कोरो नव्हे." गोल्डन बूट मिळवणाऱ्या माणसाला! संघ कमी गोल करत होता त्याचा दोष आम्ही त्याच्यावर टाकला, कारण आक्रमण म्हणजे स्ट्रायकर हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. पुढच्या मोसमात तोही मुंबईला गेला. गोवा त्या मोसमात नवव्या क्रमांकावर राहिला. आणि मंदारसारखा आपला माणूस गेला तेव्हा आम्ही हळहळलो ती 'आपला पोरगा गेला' म्हणून. डावीकडून आक्रमणाला मिळणारं सरपण गेलं, हे ध्यानात आलंच नाही.

2021च्या उपांत्य फेरीचा पहिला सामना आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. 2-2. गोव्यावर दोन गोल कुणी केले? बूमूसने आणि फॉलने. दुसरा सामना 0-0, आणि पेनल्टींवर गोवा 6-5ने हरला. शेजारचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "प्रोफेसर, आपल्याच लोकांनी हरवलं." आम्ही म्हटलं, होय. पण पावसाळ्यात आपण त्यांची नावं किती वेळा घेतली होती? तेव्हा आपण फक्त कोरोसाठी रडत होतो.

आपण शांतपणे ऐकलंत. नव्या मोसमाचा अंदाज बाहेर गेल्यावर अवश्य विचारा. आम्ही देऊ, आणि चुकू. पण या वेळी सरपण बघून चुकू.